भांड्यांपर्यंत आलेलं पाणी

भांडी धुण्याचं यंत्र घरी पोचलं की कंपनीचा माणूस येतो, ते खोक्यातून काढतो, पातळीत बसवतो आणि ओट्याखाली वाकून नळ शोधतो. हवा तसा नळ तिथे नसला की घरच्यांना सांगतो, “तुमच्या प्लंबरकडून पॉइंट काढून घ्या, मग मला फोन करा.” त्यानंतर ज्याला बोलावतात तो मी. राहतो कोळगावात, कामं पालघर ते बोईसर या पट्ट्यात करतो. यंत्राच्या पाठीला दोन नळ्या असतात. एक पाऊण इंची नटाची, पाणी आत घेणारी. दुसरी वळ्यावळ्यांची, वापरलेलं पाणी बाहेर टाकणारी. काम मोठं नाही. पण पाना हातात घेण्याआधी मला काही गोष्टी बघाव्याच लागतात. पाण्याला जोर किती आहे, पाणी जड आहे का, दिवसातून किती वेळ येतं, आणि बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं. यातल्या कुठल्याही गोष्टीचं उत्तर द्यायचं तर आमच्या भागाचा मागचा सगळा काळ सांगावा लागतो. धरणांचा आणि कारखान्यांचा इतिहास बरेच जण लिहितात. ओट्याखालच्या पाण्याचा कुणी लिहिलेला मला दिसला नाही, म्हणून मी लिहायला बसलो.

माझ्या लहानपणी भांडी घरात घासलीच जात नसत. परसात, विहिरीपासून जरा लांब एक फरशी टाकलेली असे, तिथे उकिडवं बसून आई भांडी घासायची. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी एवढं तिचं सामान. पितळेच्या भांड्यांना चिंचेचा कोळ. मासळीचं कालवण शिजायची ती मातीची तवी वेगळी, तिला राख जास्त आणि पाणी उन्हात तापवलेलं. ताटात उरलेलं खरकटं आधी कोंबड्यांपुढे जाई. मग क्रम ठरलेला होता. आधी पेले नि लोटे, मग ताटं-वाट्या, शेवटी टोप आणि तवा. पेले विसळलेल्या पाण्यात ताटांचा पहिला हात व्हायचा, ताटांच्या पाण्यात टोप भिजायचा आणि टोपाचं पाणी फरशीच्या उतारावरून अळू आणि केळीच्या बुंध्याशी जायचं. पोहऱ्याने शेंदलेलं, कमरेवर आणि डोक्यावर आणलेलं पाणी होतं ते. त्यातला एक तांब्यासुद्धा ती दोनदा वापरल्याशिवाय सोडत नसे.

यंत्र उघडून बघितलं तेव्हा मला हाच हिशेब आत दिसला. यंत्र नळ सोडून देत नाही. तीन-चार लिटर पाणी तळाशी घेतं, पंपाने वर फेकतं, जाळीतून गाळतं आणि तेच पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतं. मग ते टाकतं आणि थोडं ताजं घेतं. सगळा फेरा मिळून साधारण ९ ते १५ लिटर. सिंकचा नळ वाहता ठेवून घासणारा माणूस याच्या कितीतरी पट पाणी घालवतो. म्हणून ‘मशीनला फार पाणी लागत असेल’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना आईची फरशी सांगतो.

आमचा पालघर तालुका पूर्वी माहीम तालुका होता. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हा भाग त्याच नावाने येतो. केळवे-माहीम, शिरगाव, एडवण या किनारपट्टीत वाड्या होत्या. पानवेली, केळी, नारळ, सुपारी. त्या वाड्यांना पाणी रहाटाने जाई. चाकावर मातीची गाडगी बांधलेली, बैल किंवा रेडा गोल फिरतोय आणि गाडग्यांतून पाणी पाटात पडतंय. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं आणि त्याच्या खाली समुद्राचं खारं असतं, हे तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रहाट हळू चालायचा, त्यामुळे वरचंच पाणी उचललं जायचं. पुढे तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप, मग खोल बोअर. पंप जोराने आणि खोलवरून ओढतो. किनाऱ्याच्या कित्येक विहिरी अशा मचूळ झाल्या. आज तिथल्या घरात यंत्र जोडायला गेलो की काचेच्या पेल्यांवर पांढरा थर बघून घरच्या बाई साबणाला दोष देतात. मी परसातल्या बोअरकडे बोट दाखवतो.

पाणी कुणी आणायचं आणि भांडी कुणी घासायची, हेही ठरवून टाकलेलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही. सधन घरांत परसदारी भांडी घासायला पाड्यावरची बाई यायची. तिच्या हाताने घासलेली ताटं चालायची, पिण्याच्या पाण्याच्या माठाला मात्र तिचा हात चालत नसे. तिचा चहा वेगळ्या कपात, आणि तो कप तिचा तिने विसळून परसातच उपडा घालायचा. सार्वजनिक विहिरी आणि तळी सर्वांना खुली करावीत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. कागदावरचा हक्क ओंजळीपर्यंत यायला तेव्हा चार वर्षं लागली, कित्येक गावांत त्याहून कितीतरी जास्त. नळ आला आणि एक गोष्ट खरोखर बदलली. नळातून येणाऱ्या पाण्याला आधी कुणाचा हात लागला, हे कुणाला विचारता येईना. माझ्या धंद्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो इथे.

यंत्राचा जन्म अमेरिकेतला. १८५० मध्ये जोएल हॉटन याने हाताने फिरवायचं एक लाकडी यंत्र पेटंट केलं, पण ते पाणी शिंपडण्यापलीकडे फारसं काही करत नसे. खऱ्या अर्थाने चाललेलं यंत्र जोसेफाइन कॉक्रन या बाईंचं. राहायच्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावात. घरातली उंची चिनी मातीची भांडी धुताना नोकरांकडून टवके उडत, म्हणून त्यांनी विचार सुरू केला. १८८३ मध्ये नवरा गेला, मागे कर्ज ठेवून गेला, आणि मग तो विचार पोटापाण्याचा झाला. जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी तांब्याच्या हंड्यात बसणारा तारांचा सांगाडा बनवला. प्रत्येक ताटाला, प्रत्येक कपाला मापाची जागा. सांगाडा फिरायचा आणि साबणाचं गरम पाणी भांड्यांवर पडायचं. २८ डिसेंबर १८८६ ला त्यांना पेटंट मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या, हे माझ्या मुलीने मला दाखवलं. एकाच देशात, एकाच वर्षी या दोन बायका आपापल्या कामात गढलेल्या होत्या, हे वाचून मला फार बरं वाटलं.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कॉक्रनबाईंच्या यंत्राला बक्षीस मिळालं. हॉटेलांनी ती घेतली, घरांनी घेतली नाहीत. कारण मला, एका प्लंबरला, एका वाक्यात कळलं. घरांमध्ये एवढं गरम पाणी नव्हतं, आणि बऱ्याच ठिकाणचं पाणी इतकं जड होतं की साबणाला फेसच येत नसे. त्या काळच्या अमेरिकन घरातही यंत्र अडलं ते पाण्यापाशी. कॉक्रनबाई १९१३ मध्ये वारल्या. १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्टकडे गेली. इंग्लंडमध्ये १९२४ मध्ये विल्यम लिव्हन्स याने पुढून उघडणाऱ्या दाराचं, आत फवारा फिरणारं घरगुती यंत्र काढलं, आणि १९२९ मध्ये मीले या जर्मन कंपनीने युरोपातलं विजेवरचं यंत्र आणलं. तरी घरोघरी ते पोचलं दुसऱ्या महायुद्धानंतरच, म्हणजे तिकडच्या घरांत गरम पाण्याची टाकी आणि चोवीस तासांचा नळ आल्यावर.

आमच्याकडे नळ आधी मुंबईला आला. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात पोचलं, १८९२ मध्ये तानसा तलाव झाला. पुढे मुंबई आणखी उत्तरेला सरकली आणि वैतरणा नदीवर आली. १९५७ मध्ये मोडकसागर, नंतर ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस नळातून दक्षिणेला जातो आणि मुंबईच्या सिंकमध्ये पडतो. त्याच मोखाड्यात एप्रिल-मे आला की टँकर लागतात. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी घेऊन बायका डोंगर चढतात. हे मी लहानपणापासून बघतोय आणि आजही त्यात फार फरक पडलेला नाही. मुंबईच्या कुठल्याही उंच इमारतीत भांड्यांचं यंत्र चालू होतं तेव्हा त्यातलं पाणी आमच्या जिल्ह्याच्या वाटेने आलेलं असण्याचा संभव मोठा आहे.

आमच्या बाजूला पाइप आले ते तारापूरमुळे. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. हीच जनरल इलेक्ट्रिक कंपनी १९३० च्या दशकापासून अमेरिकेत भांडी धुण्याची विजेची यंत्रंही विकत होती. तिच्या अणुभट्ट्या आमच्या किनाऱ्यावर आधी आल्या. भांड्यांची यंत्रं यायला पुढे निम्मं शतक जावं लागलं, कारण वीज तारेवरून गावात आणता येते, पाण्याला मात्र धरण, टाकी, पाइप आणि माणसं लागतात.

बोईसरला वसाहती उभ्या राहिल्या, औद्योगिक क्षेत्र वाढलं, आणि तिथे माझा मामा नळकामाला लागला. मिसरूड फुटायच्या आधीच मी त्याच्या हाताखाली गेलो. तेव्हा सगळं काम जीआय पाइपचं. व्हाइसमध्ये पाइप आवळायचा, डाय लावून आटे पाडायचे, वर तेल सोडत राहायचं. सांध्याला सुताचा धागा गुंडाळून सफेदा लावायचा आणि पान्याने आवळायचं. मामा सांध्यावर कोरडं बोट फिरवायचा आणि ते बोट कपाळाला लावून बघायचा. ओल असली तर कपाळाला गार लागते, बोटाला कळत नाही. टेफ्लॉनची टेप आणि सीपीव्हीसीचे पाइप फार नंतर आले. मी आजही सांधा तसाच तपासतो.

त्या वसाहतींमध्ये मी पहिल्यांदा उभा ओटा पाहिला. कडाप्प्याचा, कमरेएवढा, त्यात बसवलेलं सिंक आणि भिंतीत नळ. माझ्या दृष्टीने आमच्या भागातल्या घरांत गेल्या शंभर वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. बाई उठून उभी राहिली. भांडी परसातून घरात आली, मोरीतून ओट्यावर आली. गुडघे आणि कंबर वाचली. आणि ओट्याखाली एक मोकळी जागा तयार झाली, जिथे आधी गॅसची टाकी बसली आणि आता यंत्र बसतं.

भांडीही त्याच सुमारास बदलली. पितळेच्या पातेल्यांना कल्हई लागे. कल्हईवाला भाता लावून बसला की आम्ही पोरं नवसागराच्या धुराचा वास घेत उभे राहायचो. मग स्टील आलं. भाईंदरच्या छोट्या कारखान्यांमध्ये ताटं, वाट्या, डबे दाबून निघू लागले. बोहारीण जुने कपडे घेऊन त्यातलं एखादं पातेलं द्यायची आणि त्यावरून आईची अन् तिची तासभर घासाघीस चालायची. कल्हईवाला दिसेनासा झाला. यंत्रासाठी ही जमीन आधीच तयार झाली होती असं मला वाटतं. कल्हईचं पितळ, ॲल्युमिनियमची भांडी (आमच्याकडे त्यांना जर्मनची म्हणतात), लोखंडी तवा, लाकडी पळी यातलं काही यंत्रात घालता येत नाही. ॲल्युमिनियम काळं पडतं, पितळेची झळाळी जाते, तवा गंजतो. स्टील आणि काच मात्र चालते.

पालघरकडे नळाचं पाणी सूर्या नदीने आणलं. नदीवर धामणीला धरण झालं, खाली कवडासला बंधारा. मुळात धरण झालं ते शेतीच्या सिंचनासाठी. मग त्यातून कारखान्यांना पाणी गेलं, पालघर शहर आणि भोवतालच्या २६ गावांच्या प्रादेशिक योजनेला गेलं, वसई-विरारला गेलं, आणि पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची रोज ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी त्याच पाण्यावर आखली गेली. आमचे शेतकरी याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. उन्हाळी पिकाला कालव्याचं पाणी मिळेल म्हणून ज्यांच्या बापांनी जमिनी दिल्या, त्यांनी ते पाणी मोठ्या पाइपातून शेताच्या बांधावरून पुढे निघून जाताना बघायचं, हे सोपं नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालयासाठी आमचं कोळगाव ठरलं. सिडकोने पालघर-बोईसर रस्त्यालगत इमारती बांधल्या. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय, प्रशासकीय इमारती. १९ ऑगस्ट २०२१ ला त्यांचं उद्घाटन झालं. ज्या माळावरून आम्ही संध्याकाळी गुरं हाकत आणायचो तिथे आता माणसं सात-बाराच्या आणि दाखल्यांच्या कामाला येतात. बदलीवर आलेले अधिकारी, शिक्षक, बँकेतली माणसं आजूबाजूच्या नव्या इमारतींत राहू लागली. नवरा-बायको दोघं नोकरीवर जाणारी घरं वाढली.

त्याआधी २०२० ची टाळेबंदी झाली होती. कामवाल्या बायकांना घरात यायला बंदी, सगळं घर दिवसभर घरात, आणि सिंक कधी रिकामं होईना. देशभर भांड्यांच्या यंत्रांची मागणी तेव्हा एकदम वाढली. माझ्याकडे असले पॉइंट काढण्याची कामं तेव्हापासून येऊ लागली. आता नियमित येतात.

कामाचं सांगतो. सिंकचा नळ जिथून निघतो तिथला अँगल कॉक काढून टी बसवायचा. एक तोंड सिंकला, दुसऱ्या तोंडावर यंत्रासाठी स्वतंत्र कॉक. आपल्याकडचे नळ अर्ध्या इंची, यंत्राचा नट पाऊण इंची, म्हणून मध्ये जोड लागतो. तो चांगला पितळेचा घ्यावा. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ती आठ-पंधरा दिवसांत गाळाने भरते, यंत्र पाणी नाही म्हणून थांबतं आणि घरचे यंत्र बिघडलं समजतात. जाळी धुतली की पुन्हा चालतं.

खरी अडचण जोराची. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत निदान ०.३ बार दाब मागितलेला असतो. म्हणजे पाण्याची टाकी यंत्राच्या तोंडापासून सुमारे दहा फूट उंच हवी. चोवीस तास दाबाखाली पाणी असणाऱ्या शहरात हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं, तळटाकीत भरतं, पंपाने गच्चीवर जातं आणि तिथून स्वतःच्या वजनाने खाली येतं. चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर जोर भरपूर असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे फ्लॅट महाग विकला जातो, तिथे टाकी आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक स्लॅब. टाकीला चौथरा नसला तर आठ-नऊ फुटांपेक्षा जास्त उंची मिळत नाही. अशा घरात मी आधी टेप लावून उंची मोजतो आणि मगच हो म्हणतो. एका मास्तरांच्या घरी चौथरा बांधायला सोसायटी तयार होईना, शेवटी ओट्याखाली छोटा प्रेशर पंप बसवला. मास्तरांच्या आई जुन्या माणूस. त्यांनी विचारलं, “मिस्त्री, पाणी वर चढवायला एक पंप, आणि खाली आणायला दुसरा?” प्रश्न बरोबर होता. आमच्या गावांना पाणी मिळालं पण पाण्याचा दाब मिळाला नाही, तो प्रत्येक घराने आपापल्या खर्चाने, आपापल्या विजेवर तयार केलाय.

मग जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सूर्येच्या पाण्यावर यंत्र सुखाने चालतं. बोअरच्या पाण्यावर यंत्राला मिठाची गरज लागते. यंत्राच्या तळाशी रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी फिरवून ते पुन्हा ताजे करावे लागतात. आमच्या किनाऱ्यावर मिठागरं आहेत, त्यामुळे हमखास विचारलं जातं की आपलं खडे मीठ का नको. त्या मिठात नेमके तेच क्षार थोडे थोडे असतात जे मण्यांना काढायचे असतात, आणि मातीचा अंशही असतो. म्हणून यंत्रासाठी शुद्ध केलेलं मीठच घालावं. मासळीवाल्या घरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. खवले आणि काटे आधी झटकून टाका, ते खालच्या गाळणीत अडकतात. वास मात्र गरम पाण्याने जातो, अगदी बोंबलाच्या टोपाचाही.

ज्या घरांत मी यंत्र जोडलं तिथली भांडीवाली बाई गेली का, हा प्रश्न मला पडतो, कारण त्यांतल्या कित्येक जणी माझ्या ओळखीच्या पाड्यांवरच्या आहेत. बहुतेक ठिकाणी ती अजून येते. मोठे टोप, कढया, तवे तिच्याकडे, ताटं-पेले यंत्राकडे, आणि यंत्र भरून लावणंही बऱ्याचदा तिच्याकडेच. एक ताई तर मला सांगत होत्या की यंत्राची बटणं घरमालकिणीपेक्षा त्यांना जास्त कळतात. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्या मंडळात नोंद करून घ्या असं मी भेटेल तिला सांगतो. यंत्राच्या पेटीबरोबर दोन वर्षांची हमी येते, आयुष्यभर भांडी घासणाऱ्या बाईला निदान एक ओळखपत्र तरी मिळावं. त्या ताई संध्याकाळी घरी जातात तिथे सार्वजनिक नळ आहे आणि तो सकाळी थोडाच वेळ येतो. जल जीवन मिशनने २०१९ पासून गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी घरच्या नळाने द्यायचं ठरवलंय. त्यांच्या अंगणात नळाचा खांब उभा राहिला आहे. त्यातून रोज पाणी यावं यासाठी मी ग्रामसभेत बोलतो आणि बोलत राहणार आहे.

राहिली दुसरी नळी, बाहेर टाकणारी. पाणी घरात कसं आणायचं याचा विचार आमच्याकडे भरपूर झाला. ते बाहेर कुठे जाणार याचा फार थोडा. औद्योगिक वसाहतीचं पाणी प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात सोडतात आणि तिथल्या मच्छीमारांचं त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. घराघरातलं सांडपाणी त्या मानाने थोडं, पण तेही उघड्या गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीतच उतरतं. यंत्राची ही नळी आधी गुडघाभर उंच उचलून वळसा द्यावी लागते आणि मगच खाली उतरवावी लागते, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं यंत्रात शिरतं. काही मिस्त्री ती नुसती नाहणी ट्रॅपच्या जाळीवर ठेवून देतात. पाण्याच्या जोराने ती उडते आणि स्वयंपाकघरात तळं होतं. पाइपात घट्ट बसवावी.

बैठ्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथे सिंकचं पाणी अजूनही परसात जातं, केळीला आणि अळवाला, आईच्या वेळी जायचं तसंच. राखेचं आणि चिंचेचं पाणी झाडं पीत होती. यंत्राच्या पाण्यात सोडा असतो, आणि मणी धुतलेलं मीठ असतं. ते रोज एकाच बुंध्याशी गेलं तर माती कडक होते आणि केळीची पानं कडेने करपतात. म्हणून मी यंत्राची नळी सिंकच्या पाइपात जोडत नाही. तिच्यासाठी वेगळा पाइप काढून तो शोषखड्ड्यापर्यंत नेतो, आणि खड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर घेतो. सिंकचं विसळलेलं पाणी पहिल्यासारखं बागेला सोडतो. पाइप थोडा जास्त लागतो, भिंतीत एक भोक जास्त पडतं, आणि मजुरीचा अर्धा दिवस वाढतो. पैसे नको म्हणून कुणी अडलं तर तेवढा अर्धा दिवस मी धरत नाही.